पहिल्या अल्बमचा आवाज शोधताना: एक पेडल, एक गाळा, एक गाणं (प्रकल्प नोंदी)

स्वीडनच्या एन्टूम्ड या डेथ मेटल बँडच्या 'लेफ्ट हँड पाथ' या पहिल्या अल्बमवर गिटारचा जो आवाज आहे तो स्वतः बांधलेल्या पेडलमधून (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या पेटीतून) काढायचा आणि त्यात आमच्या बँडचं एक गाणं रेकॉर्ड करायचं, एवढं ठरवून जूनमध्ये सुरुवात केली. तीन आठवड्यांचं काम वाटलं होतं, तीन महिने लागले. मुंबईत कुणी हेच करायला घेणार असेल तर माझे पैसे आणि शनिवार जिथे गेले तिथे त्याचे जाऊ नयेत, म्हणून वहीतल्या नोंदी जवळपास जशाच्या तशा उतरवतो आहे.

शनिवार, १ जून २०२४

सुरुवात एका वादातून झाली. माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, कॉलेजात असताना एक नव्वद मिनिटांची टीडीके कॅसेट भरली होती. ए बाजूला 'लेफ्ट हँड पाथ' (१९९०), बी बाजूला त्यानंतरचा 'क्लँडेस्टाइन' (१९९१). ती कॅसेट पुढे माझ्याकडे आली. ए बाजू मी इतकी वाजवली की तिचे वरचे सूर पार दबलेत. बी बाजू जवळपास नवी आहे.

दादाचा कल कायम 'क्लँडेस्टाइन'कडे. त्याच्या मते पहिला अल्बम म्हणजे पोरांनी जोशात केलेलं काम आणि दुसरा म्हणजे विचार करून रचलेलं संगीत. मी आज पुन्हा पहिल्याची बाजू घेतली तेव्हा तो म्हणाला, "तुला अल्बम आवडत नाही रे, तुला कॅसेट आवडते. टेप घासलीय, म्हणून कच्चं वाटतं."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आधी हेच तपासायचं ठरवलं.

रविवार, २ जून

दादाकडून दोन्हींच्या सीडी आणल्या आणि संगणकात उतरवल्या. सकाळचा अर्धा दिवस वाया गेला, कारण दोन्हींची पातळी सारखी न करताच ऐकत बसलो. दोन सीडी वेगवेगळ्या वर्षी छापलेल्या असल्या की एक जोरात वाजते, एक हळू, आणि कानाला जोरातलीच चांगली वाटते. दुपारी जी जोरात होती ती खाली ओढली, पातळी जुळवली आणि पुन्हा ऐकलं.

कौल बदलला नाही. कॅसेटचा संबंध नव्हता. सीडीवरही पहिला अल्बम तसाच आहे: गिटार लाकूड कापणाऱ्या करवतीसारखी, ड्रम एखाद्या मोठ्या खोलीत वाजल्यासारखे, आणि एल-जी पेट्रोव्हचा गळा त्या सगळ्याच्या आतून वर येणारा. 'सपोज्ड टू रॉट' जेमतेम दोन मिनिटांचं आहे, पण ते संपतं तेव्हा काहीतरी अंगावरून गेल्यासारखं वाटतं. शीर्षकगीताच्या शेवटी गाणं एकदम मंदावतं आणि १९७९च्या 'फँटॅझम' चित्रपटातली धून येते. ती मी शेकडो वेळा ऐकली असेल, अजून काटा येतो.

वहीत आज हेही लिहिलं: दोन्ही अल्बम स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत झालेले, दोन्हींना निर्माता टोमास स्कोग्सबर्ग, दोन्हींत गिटारला बॉसचं एचएम-टू पेडल. लिहिलं आणि पुढे सरकलो. इथेच थांबून विचार केला असता तर दोन महिने वाचले असते.

माझ्या डोक्यात एकच बसलं होतं: कच्चेपणा पेडलमध्ये आहे. एचएम-टू १९८३ मध्ये बाजारात आलं आणि १९९१ मध्ये बंद झालं. २०२१ मध्ये कंपनीने ते नव्या रूपात पुन्हा काढलं, पण जुनं असो वा नवं, मला परवडणारं नाही. त्याची सर्किटं लोकांनी उकलून ठेवली आहेत, म्हणून बांधायचं ठरवलं.

शनिवार, ८ जून

लॅमिंग्टन रोड, मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. भांडुपहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, मग पाच मिनिटं चालत. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. सकाळी अकराच्या आत पोचलात तर दुकानदार बोलायला मोकळे सापडतात. दुपारनंतर काउंटरपाशी गर्दी असते आणि किरकोळ नग मागणाऱ्याला कुणी उभं करत नाही.

सामानाची यादी घरूनच कागदावर करून न्या, किमतीसकट नव्हे, आकड्यांसकट. इथे रेझिस्टरला रेझिस्टन्स म्हणतात, कपॅसिटरला कंडेन्सर, आणि भोकं पाडलेल्या कोऱ्या बोर्डाला झीरो पीसीबी. रेझिस्टन्स आणि कंडेन्सर १८० रुपये, दुहेरी ऑप-अँप आयसी पाच नग ७५, ट्रान्झिस्टर ४०, पॉट चार नग १००, जॅक आणि पायाने दाबायचा स्विच २१०. जर्मेनियम डायोड तीन दुकानांत नव्हते. चौथ्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने डब्यातून सहा काढून दिले, पंधरा रुपयांना एक. काचेचे, आत बारीक तार दिसणारे. मी खूश होऊन घेतले, तपासले नाहीत. मल्टीमीटर पिशवीत होता.

एकूण ६९५ रुपये.

शनिवार-रविवार, १५ आणि १६ जून

सोल्डरिंग. दोन दिवसांत अकरा तास. जोडून झालं, पण आवाज शून्य.

चूक ट्रान्झिस्टरच्या पायांत होती. नकाशा जपानी ट्रान्झिस्टरचा होता. सपाट बाजू आपल्याकडे धरली की त्यांचे पाय डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस असे येतात. मी आणले होते बीसी ५४७, त्यांचे येतात कलेक्टर, बेस, एमिटर. नुसता उलटा फिरवून भागत नाही, पाय वाकवून अदलाबदल करावी लागते. सगळे काढून पुन्हा लावले. काढताना बोर्डावरच्या तांब्याच्या दोन चकत्या उखडल्या, तिथे तारेने पूल बांधला.

शनिवार, २२ जून

घरातला जुना राउटरचा नऊ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला. आयसीतून धूर.

गिटारच्या पेडलांना मधला पिन ऋण लागतो. राउटर, सीसीटीव्ही यांच्या अ‍ॅडॉप्टरांत तो बहुधा धन असतो. व्होल्ट सारखे, पिनही बसतो, पण वीज उलटी जाते. दोन आयसी गेल्या. आता पुरवठ्यावर उलटा १एन४००१ डायोड टाकलाय, एका रुपयाची वस्तू. पहिल्या दिवशीच टाका. आयसी थेट सोल्डर न करता बैठकीत बसवा, म्हणजे जळली तर ओढून काढता येते. मी बैठक लावली होती, म्हणून बोर्ड वाचला.

रविवार, २३ जून

वाजलं! चारही नॉब उजवीकडे टोकाला नेले. या आवाजाची खूण तीच आहे. एन्टूम्डच्या आधी जो निहिलिस्ट बँड होता, त्यातल्या लेफ कुझनरला हे श्रेय दिलं जातं.

पण आवाज अर्धवट होता. जोरात वाजवलं तर करवत ऐकू येते, सूर धरून ठेवला तर तो विरत जात नाही, मध्येच कापल्यासारखा बंद होतो. शिवाय सगळं डब्यात बसून वाजवल्यासारखं येतंय.

२४ जून ते ७ जुलै

दोन आठवडे चुकीच्या जागी शोधलं. बॅटरी बदलली, केबल बदलली, गिटारचे पिकअप वर-खाली केले, तारा नव्या टाकल्या (७५० रुपये, त्या वेळी गरज नव्हती). गळका कंडेन्सर असेल म्हणून तीन बदलले. काहीही फरक नाही. रोज रात्री कामावरून आल्यावर तासभर जायचा.

सोमवार, ८ जुलै

रात्रीपासून तुफान पाऊस. सकाळी लोकल बंद, भांडुप स्टेशनात रुळांवर पाणी. कामावर जाता येईना, म्हणून टेबलाशी बसलो आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं: प्रत्येक सुटा भाग मल्टीमीटरने मोजला.

ते 'जर्मेनियम' डायोड ०.६२ व्होल्ट दाखवत होते. जर्मेनियम ०.३च्या आसपास दाखवायला हवा. मला मिळाले होते साधे सिलिकॉन डायोड. दोन्ही काचेच्या नळीत येतात, नुसत्या डोळ्यांना फसायला होतं.

यामुळे सूर का कापला जात होता ते सांगतो, कारण हेच या पेडलचं मर्म आहे. बहुतेक डिस्टॉर्शन पेडलांत डायोड सिग्नलची टोकं छाटतात. एचएम-टूमध्ये त्याशिवाय दोन जर्मेनियम डायोड सिग्नलच्या वाटेतच उलटसुलट बसवलेले आहेत. ठरावीक व्होल्टच्या खालचं काहीच ते पुढे जाऊ देत नाहीत. म्हणजे लहरीचा मधला, शांत भाग खाल्ला जातो आणि लहर खडबडीत होते. ती करवत इथून येते. जर्मेनियमचा उंबरा ठेंगणा असल्याने विरणारा सूर बराच वेळ त्यावरून जातो. सिलिकॉनचा उंबरा दुप्पट उंच, त्यामुळे सूर जरा मंदावला की दार बंद.

दुपारी दादाला फोन केला. तो म्हणाला, "म्हणजे तुझा आवाज दुकानातच हरवला होता." दोन आठवड्यांत पहिल्यांदा बरं वाटलं, कारण निदान काय बिघडलंय ते कळलं.

शनिवार, १३ जुलै

लॅमिंग्टन रोडला न जाता स्टेशनजवळ जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत त्यांच्याकडे गेलो. त्यांच्याकडे बिस्किटाच्या डब्यात जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंतून काढलेले भाग होते. ओए ७९ डायोड सात निघाले. समोरच मोजू दिले. पाच चांगले, ०.२८ ते ०.३३ व्होल्ट. दोन मेलेले. काकांनी पाचांचे पन्नास रुपये घेतले आणि तासभर जर्मेनियमच्या दिवसांबद्दल बोलले. सोल्डरिंगच्या उष्णतेने हे डायोड पटकन खराब होतात, म्हणून पाय चिमट्याने धरून ठेवायचा, उष्णता चिमट्यात उतरते, हे त्यांनीच दाखवलं. ते सांगितलं नसतं तर मी आणखी दोन मारले असते.

बसवले. सूर आता लांबवर घासत घासत विरतो. रात्री अकरापर्यंत हेडफोनवर एकच कॉर्ड वाजवत बसलो होतो.

रविवार, १४ जुलै

डब्यात बसल्यासारखा आवाज मात्र तसाच. या पेडलमध्ये खालच्या सुरांसाठी एक फिल्टर आहे आणि १ किलोहर्ट्झच्या आसपास दोन. या दोन फिल्टरांनी दिलेला उठाव म्हणजेच करवतीचे दात. मी एका फिल्टरमध्ये १०३ छापलेल्या कंडेन्सरऐवजी १०४ लावला होता. एका शून्याचा फरक, पण किंमत दहापट. कंडेन्सर दहापट झाला की फिल्टरची जागा सुमारे तीनपट खाली येते, म्हणजे जो उठाव १ हजार हर्ट्झजवळ हवा तो ३००च्या जवळ बसला होता. डबा तिथून वाजत होता.

पन्नास पैशांचा भाग. बदलला. चष्मा लावून, उजेडात, एकेक कंडेन्सर वाचून बाजूला ठेवा आणि मगच लावा.

शनिवार, २० जुलै

पेटी. आधी प्लास्टिकच्या स्विचबोर्डाच्या डब्यात बसवलं होतं. त्यात ट्यूबलाइटची घरघर सरळ आत येत होती. भांड्यांच्या दुकानातून छोटा स्टीलचा डबा आणला (९० रुपये). स्टीलला भोक पाडणं फार जड गेलं, ड्रिलचे दोन बिट तुटले. अ‍ॅल्युमिनियमची पेटी घ्या, शंभर-दीडशे जास्त जातील पण हात शाबूत राहतील. डबा जमिनीला, म्हणजे जॅकच्या बाहेरच्या कड्याला जोडल्यावर घरघर जवळजवळ गेली.

रविवार, २८ जुलै

पहिलं रेकॉर्डिंग. आम्ही सरावाला एका औद्योगिक वसाहतीतला गाळा तासावर घेतो, तासाला ४०० रुपये. ड्रम तिथेच असतात.

आमचं नवं गाणं घेतलं, सहा मिनिटांचं, अकरा रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे सुरांचे तुकडे), चार वेळा ठेका बदलतो. गिटार बी ट्यूनिंगमध्ये, म्हणजे सगळ्यात जाड तार बी सुरावर. ड्रम क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरावीक टिकटिकीवर वाजवले, मग गिटार डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा, वेगवेगळी वाजवून. आठ इंची स्पीकरचा पंधरा वॉटचा छोटा अँप, स्पीकरच्या अगदी जवळ एक डायनॅमिक माइक. छोटा अँप या आवाजाला चालतो, मोठ्या अँपच्या मागे धावू नका. मात्र खालची तार ६२ हर्ट्झच्या आसपास वाजते, आठ इंची स्पीकरला ती झेपत नाही. वजन बास गिटारने द्यावं लागतं.

गाळ्यातलं अर्थिंग बरोबर नव्हतं, लॅपटॉपचा चार्जर लावला की ५० हर्ट्झची गुणगुण. चार्जर काढून बॅटरीवर घेतलं, गेली.

साडेपाच तास, २,२०० रुपये. घरी येऊन ऐकलं. गिटारचा आवाज मिळालाय. खरंच मिळालाय, सीडीशेजारी लावून ऐकला. आणि गाणं तरीही कच्चं नाही. नीटनेटकं आहे, गुंतागुंतीचं आहे, आणि कुठेही पकडत नाही.

दादाला पाठवलं. त्याने लिहिलं: "छान. हे माझ्या बाजूचं झालंय." त्याची बाजू म्हणजे बी बाजू.

रविवार, ४ ऑगस्ट

आठवडाभर गिटार हातात घेतली नाही. आज २ जूनचं पान उघडलं. तोच स्टुडिओ, तोच निर्माता, तेच पेडल. मग दोन अल्बमांत मला जो फरक ऐकू येतो तो पेडलचा असूच शकत नाही. हे तेव्हाच समोर होतं.

आज दोन्ही अल्बम पुन्हा ऐकले, या वेळी गिटारकडे कान न देता.

पहिली गोष्ट गळा. 'लेफ्ट हँड पाथ'वर पेट्रोव्ह गातो. 'क्लँडेस्टाइन'च्या वेळी तो बँडमध्ये नव्हता. त्यावरचा आवाज ड्रमर निक अँडरसनचा आहे, जरी अल्बमवर नाव योहनी डोर्डेविचचं छापलं होतं. अँडरसनचा गळा वाईट नाही, जोरकस आहे. पण तो शब्द फेकतो. पेट्रोव्ह गातो तेव्हा आवाज छातीतून ओढून काढावा लागतोय असं वाटतं, आणि तो पुढे उभा राहत नाही, गिटारांच्या मधे अडकलेला असतो. २०२१ मध्ये पेट्रोव्ह वारला. त्या आठवड्यात मी ए बाजू रोज लावायचो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पहिल्या अल्बमवरची बरीच गाणी अल्बमच्या आधीची आहेत. 'रेव्हल इन फ्लेश', 'अ‍ॅब्नॉर्मली डिसीस्ड' ही निहिलिस्टच्या डेमोंवर (अल्बमआधीच्या कच्च्या रेकॉर्डिंगांवर) होती. डिसेंबर १९८९ मध्ये ती सनलाइटमध्ये रेकॉर्ड झाली तोवर सरावाच्या खोलीत किती वेळा वाजून झाली असतील. त्यांतलं जादा गळून पडलंय. रिफ येते, ती आपल्याला ओळखू येईपर्यंत राहते, मग दुसरी येते. 'क्लँडेस्टाइन'वर रिफ फार चांगल्या आहेत, दादा म्हणतो ते खरं आहे, पण एकीत शिरतोय तोवर पुढची दारात उभी असते. आणि त्या अल्बमवरचं मला सगळ्यात जवळचं गाणं कुठलं? 'सिव्हिअर बर्न्स'. तेही निहिलिस्टच्या काळातलंच. हे आज जुळलं तेव्हा मी वही मिटून चाळीच्या गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

आमचं २८ जुलैचं गाणं एप्रिलमध्ये लॅपटॉपवर लिहिलं होतं. पाच जणांनी एका खोलीत ते सलग दहा वेळाही वाजवलं नव्हतं.

रविवार, ११ ऑगस्ट

नवं गाणं बाजूला. २०१९ मधलं आमचं पहिलं गाणं काढलं, जे प्रत्येक सरावाला हात मोकळे करायला वाजवतो आणि रेकॉर्ड करायच्या लायकीचं नाही असं समजत आलो. त्यात पाच रिफ होत्या. ड्रमर म्हणाला, "तिसरी काढ. मी तिथे नेहमी नुसता वेळ मोजत असतो." काढली. चार उरल्या. तीन तास तेच वाजवलं, रेकॉर्डिंग नाही. १,२०० रुपये, आणि या सगळ्या प्रकल्पातला सर्वांत सत्कारणी लागलेला खर्च.

रविवार, १८ ऑगस्ट

क्लिक नाही. ड्रम, दोन गिटार आणि बास एकत्र, एकाच खोलीत. ड्रमवर जवळचे तीन माइक आणि खोलीच्या दूरच्या भिंतीपाशी एक. गाळ्याचा पत्रा आणि सिमेंटची जमीन यामुळे त्या लांबच्या माइकमध्ये जो घुमारा येतो तो कुठल्याही सॉफ्टवेअरच्या रिव्हर्बमध्ये मला मिळाला नव्हता. पहिल्या दोन घेण्यांत (टेकमध्ये) अँपचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये फार सांडत होता. अँप भिंतीकडे तोंड करून ठेवले, वर जुन्या गाद्या टाकल्या, पुरेसं झालं.

चौथं घेणं ठेवलं. शेवटच्या रिफला आम्ही सगळे किंचित वेग वाढवतो. आधी मी ते चूक समजून दुरुस्त करणार होतो. ऐकल्यावर हात लावला नाही.

या पेडलची फुसफुस फार असते, नॉब टोकाला असल्यावर तर जास्तच. नॉइज गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारं साधन) लावू नका. मी लावून पाहिला, सुराची विरणारी शेपटी कापली जाते आणि डायोडवर घालवलेले पाच आठवडे पाण्यात. जिथे गिटार थांबते तिथली फुसफुस मी हाताने कापली. चाळीस मिनिटं लागली.

शनिवार, २४ ऑगस्ट

गळा. वसाहतीच्या मागच्या मैदानात ढोल-ताशा पथकाचा गणपतीसाठीचा सराव चालू होता, संध्याकाळी सहा ते नऊ. त्यांचा ढोल आमच्या माइकमध्ये स्वच्छ येत होता. तीन तास, १,२०० रुपये वाया. गाळा घेताना आसपास कोण कधी वाजवतं ते विचारा, ऑगस्टमध्ये तर नक्कीच.

रविवार, २५ ऑगस्ट

सकाळी आठला गेलो, शांत होतं. आमचा गायक नेहमी ओळ-ओळ तोडून गातो आणि मी नंतर जोडतो. आज त्याला सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाच. दुसऱ्या प्रयत्नात शेवटच्या कडव्याला त्याचा श्वास पुरला नाही, आवाज फाटला. तो म्हणाला, "पुन्हा घेऊ." मी नाही म्हटलं. थोडी बाचाबाची झाली. दोन्ही घेऊन ठेवली. रात्री सगळ्यांनी ऐकलं आणि फाटलेलंच ठेवायचं असं त्यानेच ठरवलं.

शनिवार, ३१ ऑगस्ट

मिक्स झालं. गळा गिटारांच्या वर न ठेवता त्यांच्या पातळीला ठेवला. गिटारांत ३०० हर्ट्झच्या आसपास थोडं काढलं, १ हजारजवळ हात लावला नाही. मास्टरिंगमध्ये, म्हणजे मिक्सनंतरच्या शेवटच्या टप्प्यात, जोर वाढवला नाही, ऐकणाऱ्याने स्वतः आवाज वाढवावा.

खर्च: सुटे भाग, जळलेल्या आयसी, डबा, ड्रिलचे बिट धरून १,१४०. तारा ७५०. गाळा साधारण साडेसतरा तास, ७,०००. प्रवास आणि चहा वेगळा. पेडलचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ आहे, आणि मी दोन महिने फक्त त्याच्याकडेच बघत होतो.

दादाला गाणं पाठवलं. त्याने तासाभराने फोन केला. 'क्लँडेस्टाइन'बद्दलचं मत त्याने बदललेलं नाही, तसं त्याने आधीच सांगून टाकलं. मग म्हणाला, "गळा फार आत गेलाय. दोन डेसिबल वर घे. आणि तो शेवटी फाटतो तिथे गिटार थोडी खाली, नाहीतर ते लोकांना ऐकूच येणार नाही."

दुसरं बरोबर होतं. शेवटच्या कडव्याला गिटार दीड डेसिबल खाली घेतली. गळा आहे तिथेच ठेवला.